एकाच खुणेच्या दोन नळ्या

पोव्हुआ, ९ मे

देओलिंदा कोश्ता यांस,

आपलं पत्र मिळालं. सहा वर्षांनी बापाला मिळालं, आणि तेही यंत्रावर छापलेलं; सही तेवढी हाताची. पाकीट फोडण्याआधी मी ते खिडकीपाशी उजेडात धरलं. वरच्या कोपऱ्यात डिंक सुटला होता. म्हणजे माझ्याआधी ते कुणीतरी वाचलंय. पोस्टमनने की सुनेने, ते अजून ठरलेलं नाही.

तुझं म्हणणं मला समजलं तसं मांडतो, म्हणजे पुढे ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ असं व्हायला नको. मार्चमध्ये चर्चच्या सभागृहात रक्त घेणारी मंडळी आली होती. आपल्या कोळीवाड्यात ज्याला नुसतं ‘इवले पाय’ म्हणतात, घराण्यातून येऊन पायांपासून सुरू होणाऱ्या त्या रोगासाठी. नाव नाही, गाव नाही, नळीवर फक्त आकडा. कुठलं रक्त कुणाचं याची यादीसुद्धा ठेवायची नाही, अशी बोली होती. त्या नळ्या पोर्तुला तुमच्या प्रयोगशाळेत आल्या आणि तू त्यांत तुझा रंग घातलास. एके दिवशी तुझ्या हातात एक नळी आली, तिच्या झाकणावर आपल्या घरची खूण कोरलेली: उभी काठी, तिच्यावर फुली, खाली अर्धं पिंप. ती नळी उजळली. म्हणजे त्या रक्तात रोगाने बस्तान मांडायला सुरुवात केली आहे. मग तू सगळा खोका उपसलास, आणि आणखी एक नळी निघाली. तीच खूण, रेघेला रेघ. ती मात्र अंधारी राहिली.

एक माझी, एक तुझ्या धाकट्या भावाची, किरिनोची, असं तू म्हणतेस. कुठली कुणाची ते कळत नाही, म्हणून मी पोर्तुला येऊन स्वतःच्या नावाने पुन्हा रक्त द्यावं.

हो, मी खूण कोरली होती. जाळी कापायच्या चाकूने. नर्स म्हणाली, “काका, ही नळी आहे, होडी नाही.” मी म्हटलं, “बाई, आकडा काय, कुणाचाही असतो. उद्या दुसऱ्याचं रक्त माझ्या नावावर खपवलंत तर?” तर म्हणते, “नावच नाही लिहिलेलं, तर नावावर खपवू कशी?” रांगेतले सगळे हसले. हसू देत. साठ वर्षं मी जाळ्यांच्या बुचांवर, वल्ह्यांवर, टोपल्यांवर ती खूण डागली, आणि एकही वस्तू हरवली नाही.

पण कोरली ती मी एकट्याने. किरिनोने कोरलेली मी पाहिली नाही. मग दुसरी नळी आली कुठून? आपल्यात थोरला मुलगा बापाच्या खुणेला एक काडी जोडतो, दुसरा दोन जोडतो, आणि शेंडेफळाला बिनकाडीची खूण मिळते, बापाची जशीच्या तशी, कारण बापामागे घर त्याचं. हे तू विसरलेली नाहीस. म्हणून तर दुसऱ्या नळीवर बरोबर बिनकाडीची खूण ‘निघाली’. हुशार आहेस. लहानपणीही होतीस.

तिसरीच्या वाचनमालेत एक कविता होती. दोना पेर्पेतुआ बाई ती चालीवर म्हणून घ्यायच्या, आणि त्या वेळी खिडकीतून समुद्र दिसत असे.

काजव्या, काजव्या, दिवा घेऊन
शोधत फिरतोस कुणाला?

पुढचं आठवत नाही. पण एवढं तुझ्यापुरतं पुरे आहे. शोधत फिरतेस कुणाला, देओलिंदा?

बेलमिरो
(आणि शेजारी खूण. नीट पाहून घे, पुन्हा काढायला सोपी जाईल.)


पोव्हुआ, २४ मे

देओलिंदा,

या वेळी पत्र हाताने लिहिलंस. अक्षर तुझ्या आईसारखं झालंय. मुद्दाम काढलंस की आपोआप झालं?

रंगाचं मला समजावलंस ते वाचलं. पिवळी पूड. पाण्यात घातली तर नुसतं पिवळं पाणी. रक्तात एक प्रथिन असतं, ते सुटं सुटं हिंडत असतं, आणि या रोगात एकाला एक चिकटून गुठळ्या व्हायला लागतात. त्या गुठळ्यांच्या खाचांत तुझा रंग अडकला की निळ्या दिव्याखाली हिरवा उजळतो. ओली जाळी न पसरता एकावर एक टाकली की चिकटून कुजायला लागते, तसं असावं. पण जाळी कुजायला लागली की वास येतो. तुझं म्हणणं, तुझा रंग वास यायच्या आधीच सांगतो.

“वारशाची जुनी चाचणी एवढंच सांगते की चोराकडे घराची किल्ली आहे,” तू लिहितेस. “चोर आत शिरलाय की नाही, ते रंग सांगतो. आत शिरल्या शिरल्या गोळी सुरू केली तर त्याला उंबऱ्यातच थोपवता येतं. उशीर झाला की नाही.” वाक्य छान आहे. कुणाचं आहे? तुमच्या मोठ्या डॉक्टरांचं असणार.

मी तुला साधं विचारतो. उजळलेली नळी माझी ठरली, तर त्यातून कुणाला काय मिळणार? मी एकोणऐंशीचा. मला गोळी देऊन काय माझ्याकडून पुन्हा जाळी ओढून घ्यायची आहेत? म्हणजे तुला दुसरंच काहीतरी हवंय. ते काय, तेही मला माहीत आहे. तुला तुझी आई सोडवून घ्यायची आहे.

तर तेही स्पष्ट लिहितो. आबिलियोला पुरायला नेलं त्या दिवशी, छोट्या चर्चच्या, कपेलाच्या, दाराशी, सगळा कोळीवाडा उभा असताना, मी तुझ्या आईला म्हणालो, “तुझ्या घरचे पाय माझ्या घरात आले, जुस्तिना.” म्हणालो. नाकारत नाही. माझा मुलगा छत्तिसाव्या वर्षी पेटीत होता. तिचा मामा पाय ओढत चालायचा हे सगळ्यांनी पाहिलेलं. आमच्याकडे कुणाचं काही नव्हतं. माझा बाप बुडून मेला, आजा बुडून मेला, त्यांचे पाय कसे होते ते कोण सांगणार? तुझी आई काही बोलली नाही. पुढे दोन वर्षं जगली, पण त्यावर एक शब्द नाही. आणि तिला पुरून आलो त्या दुपारी तू पिशवी उचललीस.

आता सहा वर्षांनी तुला एक नळी सापडते, आणि ती नेमकी उजळते.

सूनबाईला, सालोमेला, पत्र दाखवलं नाही, पण तिला सगळं ठाऊक असल्यासारखं वाटतं. काल कोबीचं सूप वाढताना म्हणाली, “बाबा, वन्संचं पत्र आलं वाटतं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोण कशाला सांगायला हवं? दोन दिवस दाराकडे पाठ करून जेवताय.”

पाचवा महिना आहे तिला, तरी तिचं लक्ष कुठे कुठे असतं! माझे मोजे धुताना उलटेसुलटे करून पाहते. कशाला?

किरिनो कॉड मासळी पकडायला गेलाय, न्यूफाउंडलंडच्या बाजूला. ऑक्टोबरात येईल. जाताना म्हणून गेला होता, “रक्ताचं काही कळलं तरी मला कळवायचं नाही. मूल होऊ दे आधी.” तेव्हा त्याला यात ओढू नकोस. आणि मलाही.

बेलमिरो


पोव्हुआ, १२ जून

देओलिंदा,

आता खरं सांग, तू कुणाला पाठवलं होतंस?

काल सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात फरशीवर रक्ताचे ठसे होते. पावलांचे, एकाआड एक. चुलीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून अंगणाच्या दारापर्यंत, आणि परत. दार आतून बंद. कुणीतरी घरात शिरलं, फिरलं, काहीतरी शोधलं आणि गेलं. मी कपाट तपासलं. तुझ्या आईचे कानातले जागेवर आहेत. घराचे कागद जागेवर आहेत. मग हवं काय होतं? माझा वापरलेला पेला? तुम्हाला चाचणीला तेवढंही पुरत असेल आता.

झुल्मिराला बोलावलं. ती शेजारी राहते, म्हणजे तिच्याशिवाय दुसरं कोण. टोपली डोक्यावरच ठेवून दारात उभी राहिली.

“काय हो बेलमिरो काका, खून पाडलात की काय कुणाचा?”

“तुला काही आवाज आला का?”

“आला ना. पहाटे तुम्हीच कविता म्हणत होतात. काजवा का फिजवा.”

“चोराचा आवाज विचारतोय.”

“चोर तुमच्याकडे काय न्यायला येईल? तुमचा संशय? तो नेला तर घर मोकळं होईल हो.” आणि मग वाकून ठसे बघायला लागली. बघता बघता तिचं हसू गेलं. एकदा ठशाकडे बघितलं, एकदा माझ्या सपातांकडे. “काका, जरा बसा बरं तुम्ही,” म्हणाली.

मी बसलो नाही. तिच्या सांगण्यावरून मी कशाला बसू? हे सगळे कशात तरी सामील आहेत. झुल्मिराच्या पुतण्याची बायको तुमच्याच दवाखान्यात झाडू मारते, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस.

दार बदलून घेतोय.

बेलमिरो


पोव्हुआ, १६ जून

देओलिंदा,

चोर सापडला.

सालोमेने मला खुर्चीत बसवलं, स्वतः पोट सांभाळत जमिनीवर बसली आणि माझा डावा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागलो तर म्हणाली, “गप बसा. नाहीतर हाक मारून अख्खी गल्ली गोळा करीन.” टाचेजवळ काचेचा तुकडा होता, नखाएवढा. आत चांगला रुतलेला. आठवड्यापूर्वी पेला फुटला होता, त्यातला. तिने तो चिमट्याने काढला, आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिने वर बघून विचारलं, “दुखलं का?” तेव्हा मला कळलं की तो निघाला.

म्हातारपणी पायांची कातडी चामड्यासारखी होते. एवढी वर्षं ओल्या फळ्यांवर उभं राहिलेले पाय आहेत हे. यापेक्षा जास्त काही नाही. असं मी तिला सांगितलं, तुलाही सांगतोय.

मी आज लिहिलं नसतं. पण काल किरिनोचा फोन आला, जहाजावरून. पंधरवड्याने एकदा मिळतो त्यांना. आधी सालोमेशी बोलला, मग मला म्हणाला, “बाबा, चर्चच्या सभागृहात नर्सशी किती भांडलात हो! मी तुमच्या मागेच होतो. तुम्ही गेल्यावर मीही माझ्या झाकणावर खूण कोरली. म्हटलं, बाप वेडा तर पोरगाही वेडा. नर्स म्हणाली, घराण्याचाच गुण दिसतोय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा? आहात ना?”

“बूट बरे आहेत का तुझे?” मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

“नवे आहेत, चावतात. बोटांना मुंग्या येतात रोज. थंडीपण मरणाची आहे.” आणि हसला. “काय हो, बूट पाठवताय की काय?”

मग फोन तुटला.

म्हणजे दुसरी नळी खोटी नव्हती. तू काही कोरलं नव्हतंस. महिनाभर मी तुला लिहीत आलो, उजळलेली ती माझी नाही, माझी नाही. प्रत्येक वेळी मी दुसरं काय म्हणत होतो ते मला काल फोन ठेवल्यावर ऐकू आलं. माझी नसेल तर ती त्याची आहे.

थंडीने मुंग्या येतात. नव्या बुटांनीही येतात. आबिलियोसुद्धा आधी बुटांनाच दोष द्यायचा.

बे.


पोव्हुआ, ३० जून

देओलिंदा,

काल सेंट पीटरचा सण झाला. गल्ल्यांत कागदी पताका, दारोदारी शेगड्या, सगळीकडे भाजत्या सार्डिन मासळीचा धूर. सालोमेने माझ्यासाठी मक्याच्या पावावर दोन सार्डिन ठेवल्या आणि म्हणाली, “खा, नाहीतर मांजराला देते.” मांजराला दिल्या.

एक गोष्ट सांगायची आहे. ती ज्या दिवशी झाली त्याच दिवशी लिहावी म्हणून आजपर्यंत थांबलो.

अकरा वर्षांपूर्वीची, याच दिवसाची सकाळ. आदल्या संध्याकाळी पोरांनी आपल्या दारासमोर होळी पेटवली होती. सकाळी मी अनवाणी बाहेर आलो. आकाश धुतल्यासारखं होतं, आणि मला वाचनमालेतली ती समुद्रावरच्या सकाळची कविता आठवत होती. ती म्हणत म्हणत मी राखेतून चालत गेलो. पलीकडे तुझी आई केर काढत होती. तिने झाडू टाकला आणि ओरडली, “बेलमिरो, पाय!” राखेखाली निखारे होते. माझ्या तळव्याची कातडी जळून लोंबत होती, आणि मी कवितेच्या दुसऱ्या कडव्यात होतो.

तिने मला आत नेलं. लोणी लावलं, फडकं बांधलं. बांधताना एकदाच विचारलं, “काहीच नाही कळलं तुला?” मी म्हणालो, “कळलं ना, मर्दासारखं सहन केलं.” तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अकरा वर्षं पाठीवर वागवतोय.

आबिलियोने त्याच वर्षी पाय ओढायला सुरुवात केली होती.

म्हणजे कपेलाच्या दाराशी मी जे बोललो, ते बोललो तेव्हा मला माहीत होतं. नक्की नव्हतं, नक्की करून घ्यायचंच नव्हतं. पण माहीत होतं. आणि तिलाही माहीत होतं. सगळ्यांसमोर तिने एवढंच म्हटलं असतं, “तुझे पाय दाखव, बेलमिरो,” तर तिथेच सगळं मिटलं असतं. ती बोलली नाही. का बोलली नाही, यावर मी बराच संशय घेतला. शेवटी शेवटी तर वाटायचं, मला आतून पोखरायला म्हणूनच गप्प बसली असेल. तेवढी ती लबाड असती तर बरं झालं असतं.

आयुष्यभर मी पोस्टमनवर संशय घेतला, नर्सवर घेतला, सुनेवर घेतला, तुझ्यावर तर घेतलाच. एका माणसाला मात्र कधी विचारलं नाही.

आता मला त्या उजळलेल्या नळीचा मालक व्हायचं आहे. हसशील, पण गेले दोन आठवडे मी चर्चमध्ये तेवढंच मागतोय. फादर म्हणाले, “बेलमिरो, रोग मागायला आलेला पहिलाच माणूस बघतोय.”

येत्या गुरुवारी पोर्तुला येतो. तू त्या दिवशी नसशील तर बरं. माझी नळी तुझ्या हातात येऊ नये. तू ती उजळवशील म्हणून नाही. ती उजळली नाही तर तुला कसं तोंड दाखवू, म्हणून.

बाबा


पोव्हुआ, ११ जुलै

देओलिंदा,

होतीस. होतीस तर होतीस.

गाडीतून उतरून चार ठिकाणी विचारत आलो, आणि दरवाजाच्या काचेतून तू दिसलीस. पांढरा डगला, बोटं पिवळी. केस इतके पांढरे कधी झाले? मला वाटलं होतं तू पिशवी उचललीस तशीच असशील.

तू काही बोलली नाहीस. मीही नाही. तुझे ते तरुण डॉक्टर मध्ये होते म्हणून निभावलं. त्यांनी रक्त घेतलं. दोन कागद पुढे केले, एक तुझ्या रंगाचा, एक वारशाच्या चाचणीचा. मी दोन्ही शब्द न् शब्द वाचले, खालची बारीक अक्षरंसुद्धा, आणि सही केली. पूर्ण नावाने. त्यांनी विचारलं, “आजोबा, झाकणावर काही कोरायचं आहे का?” म्हणजे तू सांगितलं होतंस. मी म्हटलं, “नको. त्या खुणेनेच घोटाळा झालाय.”

मग ते पाय तपासायला बसले. हातात काय, तर दांडीला लावलेला नायलॉनचा धागा! जन्मभर मी ज्या धाग्याने जाळी विणली, त्याच्याच जातीचा. म्हणाले, “डोळे मिटा. तळव्याला लागला की सांगा.” मी डोळे मिटले. म्हटलं, अंदाजाने सांगू. एवढं काय कठीण आहे?

“लागला,” मी म्हटलं.

मनात पाचपर्यंत मोजलं.

“आता लागला.”

तेव्हा मागून तुझा आवाज आला. “बाबा, त्यांनी अजून टेकवलाच नाही.”

सहा वर्षांनी तू मला बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी डोळे उघडायला वेळ घेतला ते उगीच नाही. पण उघडले तेव्हा तू खिडकीकडे तोंड केलं होतंस, आणि डॉक्टर फार काळजीपूर्वक काहीतरी लिहीत होते.

नंतर तू मला आतल्या काळोख्या खोलीत नेलंस, ते बरं केलंस. ती खाचाखाचांची ताटली, निळा दिवा. सगळ्या खाचा काळ्या आणि मधेच एक हिरवी. डोळा लागण्याआधी दिसतं तसं हिरवं. मी विचारलं, “हे कुणाचं?” तू म्हणालीस, “नाव नसतं, बाबा.” मी बराच वेळ बघत राहिलो. मला भीती वाटायला हवी होती. मला आमचा वर्ग दिसला, भिंतीवरचा नकाशा, शाईचे डाग, आणि दोना पेर्पेतुआ बाईंनी मला उभं केलेलं, कारण कवितेचा शेवट मला कधी यायचा नाही. पासष्ट-सत्तर वर्षांनी तिथे, तुझ्या काळोखात, तो आला.

“बाई, बाई, शोधत नाही,
दाखवतो मी स्वतःला.”

तुला तिथेच म्हणून दाखवणार होतो. धीर झाला नाही. म्हणून लिहून पाठवतोय.

किती दिवस लागतील ते लवकर कळव. सालोमे आता मोजे उलटेसुलटे करत नाही. सरळ माझे तळवे तपासते, सकाळ-संध्याकाळ, घोड्याचे खूर तपासावेत तसे. काल तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, “लग्न होऊन आले त्या आठवड्यात. तुम्ही चुलीवरची तापलेली कढई हाताऐवजी अनवाणी पायाने सरकवलीत.”

बाबा


पोव्हुआ, २८ जुलै

पोरी,

तुझा फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. सालोमे विचारत होती, काय झालं, काय झालं. शेवटी म्हटलं, “दिवा माझाच आहे.” ती रडायला लागली आणि हसायला पण लागली, आणि मग झुल्मिराला भिंतीवरून हाक मारून सांगितलं. झुल्मिरा ओरडली, “अभिनंदन हो काका!” कोळीवाड्यात या रोगाचं अभिनंदन घेणारा मी पहिलाच.

तू जे सांगितलंस ते मी नीट ऐकलंय, हे तुला कळावं म्हणून लिहून ठेवतो. रंगाने माझं रक्त उजळलं, आणि वारशाच्या चाचणीतही किल्ली माझ्याकडेच निघाली. म्हणजे आबिलियोला गेली ती माझ्याकडून. मार्चची उजळलेली नळी माझी, अंधारी किरिनोची. पण अंधारी म्हणजे सुटला असं नाही. आज चोर आत नाही, एवढंच. किल्ली त्याच्याकडेही असू शकते, तुझ्याकडेही. ऑक्टोबरात तो आला की त्याला मी स्वतः सांगणार, आणि मग वर्षाला एकदा तुझ्या रंगाखाली बसायचं की नाही, ते तो ठरवेल. त्याच्यासाठी बुटांची जोडी घेऊन ठेवली आहे. मोठी. चावायला नकोत.

तू कधी स्वतःचं रक्त तुझ्या ताटलीत घातलंस का, हे मला त्या दिवशी विचारायचं होतं. विचारलं नाही. आता विचारतो.

राहिलं तुझ्या आईचं.

थडग्यावर जाऊन आलो. पण तिथे सांगून काय उपयोग, तिला आधीच माहीत होतं. सांगायला हवं ते ज्यांनी ऐकलं होतं त्यांना. येत्या रविवारी, चार तारखेला, दहाची प्रार्थना सुटली की मी कपेलाच्या दाराशी उभा राहणार आहे, तेव्हा उभा होतो त्याच पायरीवर. झुल्मिराला सांगितलंय, त्या दिवशी जे जे होते त्यांना थांबवून ठेव. ती म्हणाली, “काका, चारचौघांत रडलात तर?” मी म्हटलं, तर रडेन. बूट-मोजे काढून उभा राहीन आणि म्हणेन, हे पाय माझ्या घरचेच होते, जुस्तिनाच्या नाही, आणि मला ते तिला दोष देण्याआधी तीन वर्षं माहीत होतं. तीन वर्षं, हे शेवटचं मला म्हणायचंय. तेच नेमकं गाळून टाकायला होईल, मी मला ओळखतो. पहिलं वाक्य होईल, लोक पाठीवर हात ठेवतील, कुणी म्हणेल जाऊ द्या हो म्हातारा माणूस, आणि मी तेवढ्यावर आटपतं घेईन.

म्हणून तू ये. पहिल्या रांगेत उभी राहा. मी तीन वर्षं म्हणालो नाही, तर त्या दिवशी पोर्तुला बोललीस तशी बोल, सगळ्यांसमोर: बाबा, अजून टेकवलाच नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. येऊन ऐक.

तुझा बाबा,
बेलमिरो फेर्नांदेस कोश्ता
(या वेळी खूण काढलेली नाही.)